पाटणकरांची पिंपं

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सायकलच्या मागच्या चाकाचं पंक्चर काढायला बसले होते. ट्यूब बादलीत दाबून बुडबुडे शोधत असताना फोन वाजला. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर नव्यानं आलेल्या कुणीतरी विचारलं होतं, "घरी केलेली बिअर ठेवायला छोटा केग घ्यायचाय. इथे कुणी एक्स्पर्ट आहे का?" खाली लगेच उत्तरं आली, "पाटणकरांना विचारा." एकानं तर पुढे जोडलेले हातही टाकले होते.

माझे हात ओले होते, म्हणून मी काही लिहिलं नाही. पण ट्यूबला ठिगळ लावताना पाटणकर डोक्यातून जाईनात.

पाटणकर आमचे शेजारी. भिंतीला भिंत लागून घर, मागच्या अंगणांच्या मधे कमरेएवढं लाकडी कुंपण. गेल्या उन्हाळ्यात ते फोरबर्गला राहायला गेले. ग्रुपवरच्या मंडळींनी त्यांची बिअर कधीतरी दाराशी उभं राहून घोटभर घेतलेली आहे. मी ती वर्षभर भिंतीतून हुंगली आहे. तेव्हा पाटणकरांबद्दल बोलायचा थोडा जास्त अधिकार मला आहे असं मी धरून चालते.

माणूस उंच, पुढे किंचित वाकलेला, समोरच्याला कायम काहीतरी समजावून सांगायच्या तयारीत असलेला. एका बँकेत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. पुण्याहून आले, परमिट वाढवत वाढवत इथेच राहिले, मुलगा मास्ट्रिख्टला शिकायला गेला. बायको मेधा. मेधा मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं पुण्यातल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. इथे आल्यावर तिची डिग्री कुणाला नको होती, भाषा येईना, आणि भाषा यायला लागली तोवर मधे पडलेल्या रिकाम्या वर्षांबद्दल लोक विचारायला लागले. ही माहिती आधी सांगायचं कारण पुढे कळेल.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. मी फुलं निर्यात करणाऱ्या कंपनीत ट्रकांचं नियोजन करते. त्या आठवड्यात मी ट्यूलिपचे भरलेले ट्रक विमानाकडे पाठवायच्या ऐवजी खतासाठी पाठवत होते. घरी येऊन गाडी लावली तर पाटणकर दारात एक खोकं फोडत बसलेले. आतून स्टीलची एक गोष्ट निघाली. दुधाच्या किटलीएवढी. वर नळ, नळाशेजारी काट्याचं छोटं घड्याळ, आणि सोबत बोटाएवढ्या गॅसच्या नळकांड्यांचं पाकीट.

"पिंप आणलंत?" मी विचारलं.

"पिंप नाही वहिनी, केग. मिनी केग. पोर्टेबल." ते उठून उभे राहिले. "बाटलीतली बिअर ही मेलेली बिअर असते. ही आपल्याबरोबर चालते."

"कुठे चालते? सगळं बंद आहे."

"ॲक्च्युअली, म्हणूनच," ते म्हणाले. पाटणकरांशी बोलताना हे नेहमी व्हायचं. त्यांची वाक्यं इतकी आत्मविश्वासानं संपायची की त्यांत काही अर्थ होता का हे तपासायचं राहून जायचं.

महिन्याभरात पिंपं चार झाली. त्यांना नावं मिळाली: राजगड, तोरणा, पुरंदर, आणि सगळ्यात बुटकं ते लोहगड. प्रत्येकावर रंगानं नाव लिहिलेलं. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात माल्ट उकळायचं, आणि तो वास, म्हणजे भिजवलेल्या गोणपाटात कुणीतरी नाचणीचं सत्त्व शिजवतंय असा, आमच्या भिंतीतून यायचा. मग ते पाणी थंड करून, यीस्ट घालून, काही दिवस बॉयलरच्या खोलीत ठेवायचं. आंबून झालं की पिंपात. गॅस सोडायचा, फ्रिजमध्ये थंड करायचं, आणि मग सुरू व्हायचं पाटणकरांचं प्रवचन.

कारण पिंप हे पाटणकरांसाठी बिअर ठेवायचं भांडं नव्हतं. श्रोते गोळा करायचं साधन होतं. बाटली माणूस घेऊन जातो आणि आपल्या घरी, आपल्या मनानं पितो. पिंपाच्या नळाला मात्र मालक लागतो. तो ओतेल तेव्हा मिळणार, तो सांगेल तेव्हा ओठाला लावायची. आधी फेस बसू द्यायचा. मग पेला उजेडात धरायचा. मग नाक घालायचं. "घाई करू नका, ती बोलते," असं ते म्हणायचे. ती बोलायची नाही, तेच बोलायचे. जर्दाळू, लवंग, ओल्या गवताची गंजी, शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला हलकीशी संत्र्याची साल. एवढं ऐकेपर्यंत बिअर कोमट झालेली असायची. स्वतः ते फार कमी प्यायचे. त्यांना बिअर आवडत होती की नाही याबद्दल मला आजही शंका आहे.

मेधाला यीस्ट समजावून सांगताना मी त्यांना स्वतः ऐकलेलं आहे. कुंपणापलीकडे दोघं खुर्च्या टाकून बसली होती आणि मी कपडे वाळत घालत होते.

"यीस्ट जिवंत असतं, बरं का मेधा," पाटणकर सांगत होते. "आपल्याला वाटतं पावडर. पण त्यांना खायला लागतं, ऊब लागते. एक प्रकारची फॅमिलीच असते ती."

मेधा शेंगा सोलत होती. "हो का," ती म्हणाली.

"तुमच्या डेअरीत बॅक्टेरिया असायचे. हे वेगळं. हे जास्त कॉम्प्लेक्स."

"बरं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, शेंगाच सोलत राहिली. एकदाच तिला मी आवाज चढवताना ऐकलं. पाटणकरांना एक सवय होती. रोज संध्याकाळी ते आंबत ठेवलेल्या भांड्याचं झाकण काढायचे, आत डोकावायचे, लांब दांड्याच्या डावानं थोडं ढवळायचे आणि झाकण लावून टाकायचे.

"विवेक, झाकण उघडू नकोस. हवा जाते आत. हवा गेली की आंबट होईल."

"अगं, आई कैरीचं लोणचं रोज ढवळायची. ढवळलं नाही तर बुरशी धरते."

"लोणच्यात मीठ असतं आणि वर तेल असतं. यात काय आहे?"

"यात प्रेम आहे," पाटणकर म्हणाले, आणि स्वतःच हसले. मेधा आत गेली.

मी मेधाला नंतर विचारलं, तू बोलत का नाहीस. ती म्हणाली, "वंदनाताई, बँकेत दिवसभर त्याचं कुणी ऐकत नाही. घरी तरी बोलू दे." मला हे उत्तर पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण उत्तर तिचं होतं.

दाराशी पिंप घेऊन यायची प्रथा पाटणकरांनी त्याच उन्हाळ्यात पाडली. घरात जास्त पाहुणे बोलवायला बंदी, म्हणून पाहुण्यांकडे पिंप. सायकलच्या पुढच्या क्रेटमध्ये थंड पिशवीत राजगड किंवा तोरणा, बाजूला कागदी पेले. बेल वाजवायची, मागे सरकायचं, पायरीवर पेला ठेवायचा, पुन्हा मागे सरकायचं, आणि दीड मीटरवरून आख्यान. माझा नवरा सतीश त्यांच्या भक्तांपैकी. "माणूस किती उत्साही आहे बघ," तो म्हणायचा. उत्साह हा सतीशच्या लेखी गुण आहे. मी उत्साही लोकांचे ट्रक उशिरा सुटताना रोज बघते.

पलीकडच्या घरात योप राहायचे. निवृत्त माळी, एकटे. पाटणकर त्यांनाही सोडायचे नाहीत. योप एक घोट घ्यायचे, थोडा वेळ आकाशाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आपार्ट," म्हणजे वेगळंच आहे. डच माणूस आपार्ट म्हणाला की त्याला पुन्हा ते खायचं नसतं, एवढं इथे वर्षभर राहिलेल्या कुणालाही कळतं. पाटणकर इतकी वर्षं राहून घरोघर सांगत होते, "योप म्हणाले, युनिक आहे." पाटणकरांची पाठ वळली की योप उरलेला पेला हायड्रेंजियाच्या बुंध्याशी ओतायचे. मला बघून एकदा त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये मेधा एका सकाळी लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारात आली. करोनाच्या चाचण्या करायला प्रयोगशाळांना माणसं हवी होती. रिकाम्या वर्षांबद्दल आता कुणी विचारत नव्हतं. तिनं अर्ज केला होता आणि त्या दिवशी स्क्रीनवर मुलाखत होती. "आमच्याकडे उकळतंय, सगळीकडे वाफ आहे," एवढंच ती म्हणाली. मी तिला वरची खोली दिली, दार लावलं, व्हॅक्यूम बंद ठेवला. खाली उतरली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "घेतलं," ती म्हणाली. "नोव्हेंबरात, लक्ष्मीपूजन झालं की सोमवारी यायचंय."

तिच्यामागून मी कुंपणापर्यंत गेले, कारण मला पाटणकरांचा चेहरा बघायचा होता. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून दिसलं, त्यांनी पातेल्यातून मान वर केली. "अरे वा. बरं, ते नळ्या धुवायचं लिक्विड आणलंस का?"

मग काही दिवसांनी ते लोकांना सांगायला लागले, "मेधा माझी क्वालिटी कंट्रोल. आता सरकारलाही तिची गरज पडली."

त्या दिवाळीत नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच शनिवारी आले होते. घरात दोनच पाहुणे चालत होते. त्यामुळे सगळ्यांनी फराळाच्या पिशव्या दाराच्या मुठीला अडकवून जायचं असं ठरलं होतं. पाटणकरांना हे पुरेसं वाटलं नाही. झब्ब्यावर फुगीर जॅकेट, क्रेटमध्ये राजगड. मेधा फराळाचा डबा घेऊन मागे. आमचं घर शेवटचं, कारण सगळ्यात जवळचं.

पायरीवर पेले ठेवले गेले. सतीशनं घोट घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी तो चेहरा पाहिला नव्हता. "वेगळी आहे," तो म्हणाला.

मी पेला नाकाशी नेला. चक्क व्हिनेगर. खिडक्या पुसायला वापरतो ते. "पाटणकर, ही आंबलीय."

ते माझ्या अज्ञानावर प्रेमानं हसले. "वहिनी, ही आजवरची सगळ्यात क्लीन बिअर आहे. दोन दिवस मी चाखतोय. कसलाही ऑफ-फ्लेवर नाही. नाकाला काहीसुद्धा लागत नाही."

मेधानं डबा खाली ठेवला. एक कोरा पेला घेतला, नळ दाबला, वास घेतला. मग नवऱ्याकडे बघितलं.

"सकाळी उटण्याचा वास आला होता तुला?"

"आता उटणं कुठून मधे आलं?"

"आला होता का?"

"उटणं जुनं असेल गं. गेल्या वर्षीचं आहे ते."

"परवाच पार्सलमधून आलंय," मेधा म्हणाली. ती दोन पावलं मागे सरकली. एकदम नाही, सावकाश, जणू पायाखाली काय आहे ते बघत. "मास्क लाव. आणि कुणाकुणाकडे गेला होतास ते सांग."

"तू होतीस की बरोबर."

"काल. काल कुणाकडे गेलास?"

पाटणकर हसत होते, मग हसायचे थांबले. "पण बिअर चांगली आहे," ते म्हणाले.

मला त्यांचा तिरस्कार वाटायचा तो तिथवर करमणुकीचा होता. त्यानंतर खरा झाला. मेधा सोमवारी जाणार होती, आणि आता जाणार नव्हती, हे आम्हा तिघांना कळलं होतं. चौथा माणूस पिंपाचा काटा बघत होता.

चाचणी पॉझिटिव्ह आली. पाठोपाठ मेधाचीही. तिनं प्रयोगशाळेत स्वतः फोन करून सांगितलं. ते चांगले वागले, पण त्यांना माणूस त्याच आठवड्यात हवा होता. जागा दुसऱ्याला गेली. तापात पडल्या पडल्या तिनं घरोघर फोन केले, माफी मागितली, कुणाला काही त्रास होतोय का विचारलं. दोन घरांतली माणसं आजारी पडली, बरी झाली. पाटणकरांनीही आपल्या परीनं जबाबदारी घेतली. ग्रुपवर लिहिलं: "मंडळी, आम्हाला करोनानं गाठलं. काळजी नसावी. राजगडबद्दल काही गैरसमज पसरलेत. बिअर उत्तम होती, दोष नाकाचा."

नाक कुणाचं, हे त्यांनी स्पष्ट केलं नव्हतं. खाली सगळ्यांनी फुलं टाकली.

हिवाळाभर पाटणकर दाराशी आले नाहीत. उकळणं मात्र सुरू होतं. मेधा पुन्हा अर्ज करत होती. एकदा फिरायला गेलो असताना ती म्हणाली, "त्याचा वास परत आलेला नाही. आलाय म्हणून सांगतो. परवा फोडणी करपून घर धुरानं भरलं, हा ओट्याशी उभा राहून फोनवर बोलत होता." मग थोडं चालल्यावर, "आता त्यानं गॅस वापरला की मागून जाऊन मी बघते."

"रोज?"

"रोज."

एप्रिलमध्ये त्याच प्रयोगशाळेतून तिला परत बोलावणं आलं. पहाटेची पाळी, बस नसते अशा वेळची. मी म्हटलं मी सोडते, मला कामावर त्याच बाजूला जायचंय. ती रविवारपर्यंत हो-नाही करत राहिली.

त्या रविवारी संध्याकाळी मी अंगणात खुर्च्यांवरची धूळ पुसत होते. पाटणकर कुंपणाशी आले. हातात पेला, फेस व्यवस्थित बसलेला. त्यांनी तो कुंपणाच्या फळीवर ठेवला आणि मागे सरकले.

"वहिनी, जरा वास घेऊन सांगाल?"

मी घेतला. "बिअरचा येतोय."

"म्हणजे कसला? जर्दाळू? लवंग?"

"बिअरचा, पाटणकर."

त्यांनी मागे वळून स्वतःच्या घराकडे बघितलं. मग म्हणाले, "मला काहीच येत नाही. दिवाळीपासून. कॉफीचा नाही, साबणाचा नाही. उशीला स्वतःचा सुद्धा वास नाही. कुणा दुसऱ्याच्या घरात झोपल्यासारखं वाटतं." आणि घाईनं, "मेधाला बोललेलो नाही."

"तिला माहीत आहे."

"कधीपासून?"

"ती तुमच्यामागून गॅस बघत फिरते, पाटणकर."

मला वाटलं आता हा माणूस ओशाळेल. त्या एका क्षणापुरती मी त्यांच्याशी बरं वागायलाही तयार होते. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता, डोळे ओले होते. त्यांनी फळीला हात टेकला आणि म्हणाले, "मग उद्या ती कशी जाणार? मी घरी एकटा असेन. गॅस चालू राहिला तर मला कळणार पण नाही. तुम्ही बोला ना तिच्याशी. तुमचं ऐकते ती. एखादा महिना पुढे ढकलता येईल का म्हणावं."

"मग तुम्ही उकळू नका."

"तसं नाही, उद्याची बॅच ठरलीय."

मी फडकं झटकलं. पाटणकरांनी पेला उचलला, नाक पार फेसात घातलं आणि डोळे मिटून उभे राहिले. लांबून कुणाचा तरी आवाज येतोय आणि तो कुणाचा ते ओळखायचंय, अशी मान कलती करून. नाकाच्या शेंड्याला फेस लागला तो त्यांना कळला नाही. मी आत जाऊन भांडी घासली, हात पुसले, खिडकीतून पाहिलं, तेव्हाही ते तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांची बेल वाजवली. मेधा कोट घालून, खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती, पण पायांत चपलाच. मागे स्वयंपाकघरात शेगडीवर मोठं पातेलं चढवून ठेवलेलं दिसत होतं.

"ताई, मला वाटतं आज नको," ती म्हणाली. "त्याला एकट्याला ठेवून..."

दाराशेजारी मीटरचं कपाट असतं, आमच्याकडे आहे तसंच. मी ते उघडलं, गॅसची मुख्य चावी आडवी केली आणि कपाट लावलं.

"अहो, हीटिंग पण बंद होईल त्यानं. थंडी किती आहे. आंघोळीला पाणी?"

"दुपारी आलीस की उघड."

मेधा क्षणभर जिन्याकडे बघत राहिली. वर पाटणकर घोरत होते. मग तिनं बूट घातले.

दोघी मास्क लावून, काचा खाली करून गेलो. तिला प्रयोगशाळेच्या दाराशी सोडलं, ती आत गेलेली बघितली आणि कामावर पोचले. पहिला ट्रक लागत होता तेवढ्यात पाटणकरांचा फोन आला. मी तो उचलला नाही. ट्रक सोडला, मग दुसरा लावला.